स्टॉक फोटो थेट वेबसाइट बिल्डरमध्ये आणायचेत. परवान्याचं काय करता?

कुंपणावरचा (धागाकर्ता)

मंडळी, थोडे अनुभवाचे बोल हवेत.

आमची मार्केटिंग टीम सात जणांची. लँडिंग पेज, ब्लॉग, मोहिमांच्या छोट्या साइट, सगळं आम्हीच बनवतो. डेव्हलपरला हाक फक्त अडल्यावर. फोटो एका मोठ्या स्टॉक लायब्ररीच्या (तयार फोटो वापरायचे परवाने विकणारी साइट) वर्गणीतून घेतो. एक जण लायब्ररीत लॉगिन करतो, फोटो उतरवतो आणि चॅटवर टाकतो, मग दुसरा तो बिल्डरमध्ये, म्हणजे कोड न लिहिता साइट बनवायच्या साधनात चढवतो. एवढ्या प्रवासात एकाच फोटोच्या तीन फाइली तयार होतात आणि मूळ कुठली हे कोणालाच सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात एक पत्र आलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका पेजवरच्या फोटोबद्दल. परवाना दाखवा, नाहीतर पैसे भरा. पेज आम्ही केव्हाच काढलं होतं, पण फाइल सर्व्हरवर तशीच पडून होती आणि थेट लिंक टाकली की उघडत होती. फोटो विकत घेतलेला आहे याबद्दल सगळ्यांची खात्री, पण पावती एकाकडेही नाही. चार दिवस जुने मेल उपसल्यावर अंदाज आला की तेव्हा आमच्याकडे काम करणाऱ्या एका फ्रीलान्सरने तो स्वतःच्या खात्यातून घेतला असावा.

आता वरून आदेश आलाय, 'लायब्ररी आणि बिल्डर जोडून टाका, म्हणजे असं होणार नाही.' जोडणी करायला माझी ना नाही. पण जोडल्याने 'असं होणार नाही' हे मला पटत नाहीये. कोणी केलंय का? नेमकं काय जोडलंत?

---

अर्धविराम

केलंय, दोनदा. एकदा बरं झालं, एकदा फसलं.

आधी सोपा प्रकार. काही बिल्डरांच्या पोटातच लायब्ररी असते. विक्समध्ये शटरस्टॉक आणि अनस्प्लॅश, स्क्वेअरस्पेसमध्ये गेटी आणि अनस्प्लॅश. संपादकातून बाहेर न पडता शोधा, घ्या, लावा. छोट्या टीमला हे पुरतं, आणि यात कमीपणा काही नाही.

खोच एवढीच की तिथून घेतलेला परवाना त्या घरापुरता असतो. स्क्वेअरस्पेसमधून घेतलेला गेटीचा फोटो त्या एका साइटसाठी, विक्समधून घेतलेला शटरस्टॉकचा फोटो विक्सच्या साइटवर. मार्केटिंगवाला मात्र तोच फोटो दुपारी ईमेलच्या बॅनरवर लावतो आणि संध्याकाळी सोशल मीडियाच्या जाहिरातीत. त्याच्या डोक्यात 'आपण घेतलाय ना हा फोटो' एवढंच असतं. म्हणजे फोटो इकडून तिकडे मजेत हिंडतो आणि त्याचे कागद पहिल्या घरीच राहतात.

तुमच्या लायब्ररीची वर्गणी वेगळी असेल तर बिल्डरच्या पोटातल्या लायब्ररीशी तिचा काही संबंध नाही, हेही वरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. नाव एकच असलं तरी करार दोन. आमच्याकडे एकच फोटो दोन्हीकडून घेतला गेला होता.

---

नवशिक्या_७

वाचतोय. आम्हीही याच खड्ड्यात आहोत.

---

लॉगफाइल

मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे अडल्यावर हाक मारतात तो. एपीआय (दोन प्रणालींनी एकमेकांशी बोलायची वाट) वापरून जोडणी मी लिहिली आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, प्रत्येक लायब्ररीचे नियम वेगळे, कधीकधी तर थेट उलटे. अनस्प्लॅशचा एपीआय वापरायचा तर फोटो त्यांच्याच पत्त्यावरून दाखवावा लागतो, म्हणजे हॉटलिंक सक्तीची. कारण पाहण्यांची मोजणी छायाचित्रकाराच्या खात्यात जायला हवी. शिवाय कोणी फोटो निवडला की त्यांच्या 'डाउनलोड' पत्त्यावर एक हाक टाकायची आणि छायाचित्रकाराचं व अनस्प्लॅशचं नाव लिंकसकट द्यायचं. पिक्साबेचं बरोब्बर उलट. कायमची हॉटलिंक चालत नाही, फोटो आपल्या सर्व्हरवर उतरवून घ्या, आणि शोधाचे निकाल २४ तास साठवून ठेवा. मी एकाच प्लगिनमध्ये दोन्ही बसवले तेव्हा एकाचा नियम पाळणारा कोड दुसऱ्याचा नियम मोडत होता.

मर्यादाही बघा. अनस्प्लॅशची चाचणीची चावी (एपीआय वापरायचा सांकेतिक शब्द) तासाला ५० विनंत्या देते. पेक्सेल्स सुरुवातीला तासाला २०० आणि महिन्याला २०,००० देतं. शोधपट्टीत प्रत्येक अक्षराला विनंती जात असेल तर सात जण मिळून ५० कधी संपवतील ते कळणारही नाही. माझ्याकडे पहिल्याच दिवशी सकाळी संपल्या. टायपिंग थांबल्यावर क्षणभराने विनंती पाठवा, बरंच काम होतं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरी कळीची: परवाना नेमका कुठल्या क्लिकला घेतला जातो?

पैसे देऊन घ्यायच्या लायब्ररीत प्रीव्ह्यू वेगळा आणि परवानाधारक फाइल वेगळी. प्रीव्ह्यूवर वॉटरमार्क असतो आणि तो आराखड्यात लावून बघायला चालतो. मी पहिल्या आवृत्तीत शहाणपणा केला. फोटो ओढून पानावर टाकला की लगेच परवाना घेऊन स्वच्छ फाइल आणायची, वापरणाऱ्याला त्रास नको. मग एका नव्या मुलीने मोहिमेची कल्पना मांडायला एक मसुदा पान केलं आणि त्यावर चाळीसेक फोटो ओढले. नुसतं 'कसं दिसतंय' बघायला. महिन्याचा कोटा त्या एका पानावर गेला. प्रकाशित त्यातले दोन झाले. तिची चूक शून्य, सगळी माझी.

दुसऱ्या आवृत्तीत मसुद्यात वॉटरमार्कवाला प्रीव्ह्यू ठेवला आणि 'प्रकाशित करा' दाबलं की परवाना घेऊन अदलाबदल. हे बरोबर आहे, फक्त अदलाबदल फसली तर काय हे मी लिहिलं नव्हतं. कोटा संपला, एपीआयने नकार दिला, पान तरीही प्रकाशित झालं. मुख्य बॅनरवर आडव्या अक्षरांत लायब्ररीचं नाव, शनिवार-रविवार दोन्ही दिवस.

आता नियम असा की परवाना मिळाला नाही तर पान प्रकाशितच होत नाही. शिव्या बसतात, पण मसुद्याच्या पडद्यावर.

---

रंगछटा

लॉगफाइल, तो शनिवार-रविवार वाला बॅनर आमच्या इथे झाला असता तर मला फोन आला असता, तुम्हाला नाही. डिझायनरच्या नावाने खापर फोडायची पद्धतच आहे.

माझ्याकडून दोन गोष्टी.

एक, 'एडिटोरियल' फोटो. लायब्ररीच्या साइटवर त्यावर ठळक लिहिलेलं असतं की हा फक्त बातमी किंवा माहितीपर मजकुरासोबत वापरायचा, जाहिरातीत नाही. त्यात ओळखू येणारी माणसं असतात, खेळाडू असतात, कंपन्यांची बोधचिन्हं असतात आणि त्यांची संमतीपत्रं घेतलेली नसतात. तो फोटो बिल्डरच्या मीडिया लायब्ररीत आला की तो शिक्का गळून पडतो. तिथे सगळे चौकोन सारखेच. त्यामुळे जोडणी करताना एडिटोरियल फोटो शोधातूनच वगळा. माणूस लक्षात ठेवेल या भरवशावर राहू नका. आमच्या ब्लॉगवाल्यांना क्वचित लागतात, तर त्यांच्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे.

दुसरी, फोटोत माणूस आहे आणि संमतीपत्रही आहे, तरी त्याला काहीही चिकटवता येत नाही. आजार, व्यसन, कर्ज, घटस्फोट असल्या विषयाच्या पानावर एखाद्याचा हसरा चेहरा लावलात, तर बहुतेक परवान्यांत त्यासाठी वेगळी अट असते. 'हा मॉडेल आहे' असं स्पष्ट लिहावं लागतं, काही ठिकाणी परवानगीच नसते. कुठलीही जोडणी हे पकडू शकत नाही, कारण यंत्राला पानाचा विषय कळत नाही. इथे डोळेच लागतात.

आणि फाइलची नावं बदलू नका हो! शटरस्टॉकची फाइल 'शटरस्टॉक' आणि पुढे क्रमांक अशी येते, अडोबी स्टॉकची 'अडोबीस्टॉक' आणि क्रमांक, गेटीची आणि आयस्टॉकचीही तशीच. तो क्रमांक म्हणजे फोटोचा जन्मदाखला. सगळं हरवलं तरी त्या एका आकड्यावरून खात्यातल्या डाउनलोडच्या यादीत फोटो सापडतो. आणि आमची सर्चची मंडळी काय करतात, तर तो पुसून 'यशस्वी-टीम-मीटिंग' असं नाव देतात.

---

सर्चवाली

आले मी. बोलावलंच आहे तर बोलते.

नाव बदलतो कारण फाइलचं नाव हा शोधयंत्राला फोटो कळण्याचा एक छोटासा धागा आहे. छोटासाच, मान्य. पण 'शटरस्टॉक' आणि दहा आकडे यातून काहीच कळत नाही, हेही मान्य करा. तडजोड सोपी आहे: वर्णन आधी, क्रमांक शेवटी. आम्ही आता तसंच करतो आणि जोडणीच ते नाव बनवते, माणूस नाही. रंगछटा, तुमची तक्रार अर्धी मिटली का?

माझी तक्रार वेगळीच आहे. जोडणी झाली की लायब्ररीतलं फोटोचं शीर्षक आपोआप ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटो न दिसणाऱ्यासाठीच्या वर्णनात) येऊन बसतं, 'पांढऱ्या पार्श्वभूमीवर हात मिळवणारे आनंदी व्यावसायिक लोक' छापाचं. ते लायब्ररीत शोधायला लिहिलेलं असतं, आमच्या पानावर तो फोटो का आहे याच्याशी त्याचा काही संबंध नसतो. स्क्रीन रीडरवर पान ऐकणाऱ्याला प्रत्येक पानावर तेच हात मिळवणारे लोक ऐकू येतात. फोटो नुसता सजावटीचा असेल तर ऑल्ट रिकामं ठेवा. अर्थाचा असेल तर माणसाने लिहा. जोडणीत ते खानं मुद्दाम कोरं येऊ द्या.

आणि एक गैरसमज. गूगलच्या फोटो शोधात ऑगस्ट २०२० पासून 'परवाना उपलब्ध' असा बिल्ला दिसतो. तो फोटो विकणाऱ्यांच्या कामाचा आहे. विकत घेतलेल्या स्टॉक फोटोवर आपण ती खूण करायची गरज नाही. एका सल्लागाराने आमच्याकडून महिनाभर तेच करून घेतलं होतं.

---

रंगछटा

मिटली. क्रमांक शेवटी चालेल.

---

लॉगफाइल

क्रमांक नावात ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. तो फाइलच्या पोटात, म्हणजे आयपीटीसी आणि एक्सएमपी या माहितीच्या लपलेल्या खान्यांतही असतो असं लोक म्हणतात. असतो, पण मूळ फाइलमध्ये. वर्डप्रेसचं उदाहरण घ्या. चढवलेल्या एका फोटोच्या तो लहानमोठ्या पाच-सहा प्रती करतो. सर्व्हरवर प्रती करायला इमॅजिक हे साधन असेल तर बहुतेक ही माहिती प्रतींमध्ये उतरते. जीडी हे दुसरं साधन असेल तर सगळी पुसली जाते. त्यावर फोटो हलका करणारं प्लगिन असेल तर उरलंसुरलंही जातं, कारण वजन कमी करायचं म्हणजे पहिली कुऱ्हाड तिथेच पडते. पानावर जी प्रत दिसते ती निनावी.

म्हणून परवान्याची माहिती डेटाबेसमध्ये, फोटोच्या नोंदीला चिकटवून ठेवा. मी ठेवतो ती खानी: लायब्ररीचं नाव, फोटो क्रमांक, परवान्याचा प्रकार, परवाना क्रमांक, कोणाच्या खात्यातून, तारीख, आणि त्या दिवशीच्या अटींच्या पानाची पीडीएफ. शेवटचं खानं लोकांना जादा वाटतं. अटी बदलतात, आणि तुम्ही घेतलात तेव्हा काय लिहिलं होतं ते नंतर दाखवता आलं पाहिजे. अनस्प्लॅश जून २०१७ पर्यंत सीसी-झीरोवर (सगळे हक्क सोडून देणारा परवाना) होतं, नंतर त्यांनी स्वतःचा परवाना आणला. तारीख माहीत नसेल तर अनस्प्लॅशच्या जुन्या फोटोबद्दल बोलताच येत नाही.

आणखी एक, कुंपणावरचा यांच्या पत्राशी संबंधित. वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो चढवला की त्याची आटवलेली प्रत वापरली जाते, पण मूळ भलीमोठी फाइल अपलोडच्या फोल्डरमध्ये तशीच राहते. पत्ता ओळखता आला तर कोणीही उतरवू शकतो. सुटी फाइल लोकांना मिळेल अशी ठेवू नका, ही अट बहुतेक परवान्यांत असते. आम्ही चढवण्याआधीच २५६० च्या आत आणतो.

---

फुकटचंबू

एवढा सगळा उपद्व्याप कशाला? फुकटच्या साइटवरून घ्या, कोणी विचारत नाही. मी तीन वर्षं करतोय.

---

परिशिष्ट

'कोणी विचारत नाही' हा परवान्याचा प्रकार माझ्या यादीत नाही.

मी एका संस्थेत करारमदार बघतो. तुमच्यावर नव्हे, मुद्द्यावर बोलतो. फुकटच्या साइट वाईट नाहीत, आमच्याकडेही वापरतात. अनस्प्लॅश २०२१ पासून गेटीचं आहे, पेक्सेल्स आणि पिक्साबे २०१९ मध्ये कॅनव्हाने घेतले, म्हणजे हौशी लोकांची जत्रा असा काही प्रकार आता उरलेला नाही. पण पैसे देता तेव्हा फोटोबरोबर तुम्ही एक हमीही घेता. फोटोतल्या माणसाची संमती आहे आणि कोणी दावा केला तर ठरावीक मर्यादेपर्यंत लायब्ररी पाठीशी उभी राहील, अशी. फुकटात बहुधा फोटोच मिळतो. फोटोतल्या बाईला आपण जाहिरातीत आहोत हे माहीत आहे का, ते तुम्ही बघायचं. वर्डप्रेस ६.२ पासून संपादकातच ओपनव्हर्सचे (खुल्या परवान्याच्या फोटोंचं शोधयंत्र) फोटो शोधता येतात. छान सोय आहे, श्रेयाची ओळही आपोआप येते. पण तिथे लिहिलेला परवाना खरा आहे का याची खातरजमा ओपनव्हर्स करत नाही, तसं ते स्वतःच सांगतात.

आता मूळ धाग्याकडे. साहेबलोकांना तीन गोष्टी समजावाव्या लागतात.

'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे दिले की प्रत्येक वापराला वेगळे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. साधा परवाना वेबसाइटला सहसा पुरतो. छापील प्रतींना मर्यादा असते, शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक दोघांच्या साध्या परवान्यात ती ५,००,००० आहे. फोटोवालं काही विकणार असाल, म्हणजे कॉफीचा मग, टी-शर्ट किंवा वेबसाइटचं टेम्प्लेट, तर वाढीव परवाना लागतो. मार्केटिंगवाले टेम्प्लेटपाशी हमखास घसरतात. स्वतःसाठी केलेलं पान चांगलं जमलं की ते टेम्प्लेट म्हणून वाटतात, आत फोटो तसाच.

दुसरं, माणसांची संख्या. सात जणांनी एका माणसाचं लॉगिन वापरणं बऱ्याच करारांत बसत नाही. जोडणी केली की हे झाकलं जातं, कारण चावी एकच, मागे माणसं किती ते दिसत नाही. लायब्ररीला मात्र विचारता येतं. टीमची वर्गणी घ्या आणि जोडणी तिच्यावरच चालवा.

तिसरं, वर्गणी बंद झाल्यावर काय. बहुतेक ठिकाणी आधी परवाना घेऊन वापरलेलं चालू राहतं, नवं वापरता येत नाही. एन्व्हाटो एलिमेंट्समध्ये तर प्रत्येक वापराची प्रकल्पाच्या नावाने नोंद करावी लागते, आणि वर्गणी संपल्यावर नोंदलेला वापरच टिकतो. फोल्डरमध्ये 'पुढे कधीतरी' म्हणून साठवलेल्या शंभर फाइली तेव्हा शोभेच्या होतात.

तुमच्या फ्रीलान्सरचं म्हणाल तर, ग्राहकासाठी काम करताना स्वतःच्या खात्यातून फोटो घेणं अनेक परवान्यांना चालतं. त्याला शोधा. पावती त्याच्याकडे असेल.

---

अर्धविराम

फसलेलं राहिलं होतं. मध्ये एक मोठं फोटोभांडार, म्हणजे डॅम बसवलं. लायब्ररीतून फोटो भांडारात, तिथून बिल्डरमध्ये. कागदावर उत्तम. परवान्याची खानी, मुदतीची तारीख, सगळं. पण भांडारातून बिल्डरमध्ये फोटो प्रत होऊन जायचा. भांडारात मुदत संपली, फोटो लाल झाला, आणि पानावर तो आरामात झळकत राहिला. फोटो कुठे कुठे लागलाय हे भांडाराला माहीतच नाही.

वर्डप्रेसच्या मीडिया यादीतला 'कुठल्या पानावर चढवला' हा रकानाही फसवा आहे. फोटो पहिल्यांदा जिथून चढवला ते पान तो दाखवतो, आज कुठे वापरलाय ते नाही. आणि एलिमेंटरसारख्या बिल्डरमध्ये पार्श्वभूमीला लावलेला फोटो पानाच्या मजकुरात सापडतच नाही, तो वेगळ्या नोंदीत आणि सीएसएसमध्ये असतो. आम्ही शेवटी सगळी साइट क्रॉल करून, म्हणजे प्रत्येक पान यंत्राकडून वाचून घेऊन, फोटोंच्या पत्त्यांची यादी काढली. दर महिन्याला काढतो. कंटाळवाणं आहे, पण खरं उत्तर तेवढंच देतं.

---

नवशिक्या_७

एआयने बनवलेले फोटो वापरले तर ही कटकटच नाही ना?

---

परिशिष्ट

वेगळी कटकट, वेगळा धागा काढा. इथल्यापुरतं एवढंच की अडोबी स्टॉकमध्ये डिसेंबर २०२२ पासून एआय चित्रंही खूण करून येतात, गेटीने ती सप्टेंबर २०२२ मध्येच बंद केली. नको असतील तर शोधाच्या गाळणीत तीही टाका, एडिटोरियलच्या शेजारी.

---

कुंपणावरचा

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला उशीर झाला.

तूर्त ठरलं ते असं. भांडार नाही, सात जणांना ते झेपणार नाही. बिल्डरला टीमच्या वर्गणीची जोडणी. मसुद्यात प्रीव्ह्यू, परवाना प्रकाशनाच्या क्लिकला, आणि परवाना नसेल तर प्रकाशन अडणार. एडिटोरियल आणि एआय गाळणीत बंद. नाव जोडणीच बनवणार, क्रमांक शेवटी. ऑल्टचं खानं कोरं. लॉगफाइल यांची सात खानी जशीच्या तशी उचलली आहेत. क्रॉलची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली.

वरच्यांना 'जोडणी म्हणजे परवाना नव्हे' हे सांगायला गेलो तर चेहरे कोरे. मग लॉगफाइल यांचा वॉटरमार्कवाला बॅनर वर्णन करून सांगितला. लगेच मंजुरी.

पत्राचं: फ्रीलान्सर सापडला. पावती होती, त्याच्या नावाची. त्याचं आम्हाला आलेलं जुनं बिल जोडलं, त्यात पानाचं नाव होतं. समोरून 'प्रकरण बंद' असा एका ओळीचा मेल आला.

---

नवशिक्या_७

ती जुनी फाइल सर्व्हरवरून उडवलीत ना?

---

कुंपणावरचा

पहिल्याच दिवशी उडवली होती. तुमचा प्रश्न वाचून आत्ता सहज लिंक टाकून पाहिली, तर सीडीएनवरून (फाइलींच्या प्रती ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरांवरून) अजून उघडतेय. थांबा, कॅश साफ करून येतो.